एक काम कर

अण्णा गेले त्या दिवशी बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये जो तो एकच वाक्य म्हणत होता, "कामाचा माणूस गेला." सोफ्यावर बसलेले त्यांचे जुने साहेब म्हणाले, दारात चपला काढता काढता शेजारी म्हणाले, गावाकडून टेम्पो करून आलेली मंडळी म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाण्याचे पेले भरत होते. ते वाक्य आलं की सगळ्यांच्या माना हलायच्या. माझी हलली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या घरात माझ्याकडे बघायची पद्धतच नव्हती.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. बाबा फौजेत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. आई खानापूरच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात शेत सांभाळून असायची. मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा मी अण्णांच्या फ्लॅटवर आले. सोमवार ते शनिवार टिळकवाडी आणि शनिवारी दुपारच्या बसने गाव, असं माझं शाळकरी आयुष्य गेलं. त्यामुळे अण्णांना मी जितकं पाहिलं तितकं त्यांच्या मुलांनीही पाहिलेलं नाही. ती मुलं लवकर पुण्याला पळाली. त्यांचं बरोबरच होतं.

दिवसकार्य झाल्यावर काकी मला म्हणाली, "तुला लिवायला येतंय. अण्णांवर कायतर लिही गं. चार चांगले शब्द." मी शोधले. मला अण्णांचे तीनच शब्द सापडले. तेच लिहिते.

"एक काम कर."

हे तीन शब्द अण्णा डोळे मिटून म्हणायचे. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आरामखुर्चीच्या हातावर बोटं वाजत असायची. "एक काम कर, तो पंखा जरा कमी कर." पंख्याचं बटण त्यांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर असायचं. मी आतल्या खोलीतून, भूमितीचं पुस्तक उपडं ठेवून यायची आणि त्यांच्या डोक्यावरून हात घालून बटण फिरवायची. परत जाऊन बसते न बसते तोच, "एक काम कर, पाणी आण." तांब्या टीपॉयवरच असायचा, पण तो ओतायचा असायचा. सगळे लोक 'एक काम कर' म्हणतात, मीही म्हणते. पण अण्णांच्या तोंडी ते वाक्याची सुरुवात नव्हतं. ती घंटा होती. ती वाजली की काय करायचं आहे ते कळायच्या आधी उभं राहायचं असायचं. शेवटी ते म्हणायचे, "जा आता, तुझं काम कर." माझं काम काय ते त्यांना बारा वर्षांत माहीत झालं नाही.

एकदा शाळा लवकर सुटली आणि मला त्यांच्या ऑफिसात थांबावं लागलं. तिथे कोपऱ्यातल्या स्टुलावर एक म्हातारा शिपाई बसलेला होता, अण्णांपेक्षा वयाने नक्कीच मोठा. अण्णा फायलीतून मान वर न करता म्हणाले, "ओंद केलस माड." शाळेत कन्नड होतं, त्यामुळे ते 'एक काम कर'च आहे हे मला कळलं. कळलं नसतं तरी चाललं असतं, कारण सूर तोच होता. आणि तो शिपाई जसा उठला ना, पाठ आधी ताठ आणि मग गुडघे, तसं उठणं मी ओळखलं. पुढचं वाक्य यायच्या आधीच तो उभा होता. जाता जाता त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी लगेच नजर काढून घेतली, एकाच वर्गातल्या, मार खाल्लेल्या मुलांसारखी.

स्वतः अण्णा सदैव 'कामात' असायचे. फोन वाजला की काकी उचलायची आणि ते पलंगावर आडवे असतील तिथूनच बोट हलवायचे. काकी म्हणायची, "कामात हाईत." पेपर वाचणं काम, शेजाऱ्यांशी खालच्या पार्किंगमध्ये तासभर उभं राहणं काम. काकीने पहाटे उठून डबे केले, धुणं केलं, पाणी भरलं तर त्याला मात्र ते 'घरातलं' म्हणायचे. "घरातलं आवरलं का?" 'काम' हा शब्दसुद्धा द्यायचे नाहीत तिला.

माझ्या शाळाप्रवेशाच्या वेळची गोष्ट मला धूसर आठवते, पण एक चित्र स्पष्ट आहे. मोठ्या टेबलापलीकडे बाई, अलीकडे अण्णा, त्यांच्यामागे आई, आईला चिकटून मी. बाईंनी आईकडे बघत विचारलं, "आई काम करतात का?" आईने तोंड उघडलं होतं. अण्णा म्हणाले, "न्हाय न्हाय. घरीच असत्या." आईने तोंड मिटलं. ती आदल्या संध्याकाळपर्यंत नाचणीच्या भांगलणीत होती. तिच्या नखांच्या कडा काळ्या होत्या आणि तिने त्या पदराखाली घेतल्या होत्या.

आणखी एक फणसाची गोष्ट सांगते. आमच्या गावच्या पार्वतीआक्काचे यजमान भैरूमामा एकदा बेळगावला आलेले असताना अण्णांकडे आले. बरोबर एवढा थोरला फणस, पोत्यात गुंडाळून, खांद्यावरून तीन मजले चढवून आणलेला. अण्णांनी दार उघडलं आणि आत घ्यायच्या आधी विचारलं, "काय काम काढलंस?"

"काय न्हाय अण्णा," भैरूमामा घाम पुसत म्हणाले. "सहज आलतो."

"सहज?"

"व्हय. हिकडं आलतो, म्हटलं भेटून जाऊया."

अण्णा हसले. मग त्यांना बसवलं, चहा दिला आणि वाट बघत बसले. मध्येच एखादं वाक्य टाकायचे, "पोराचं कसं काय?" आणि थांबायचे. "जमिनीचं काय भानगड न्हाय न्हवं?" आणि थांबायचे. भैरूमामा साधी उत्तरं देत होते आणि दर उत्तराला जास्त अवघडत होते. आपण काहीतरी मागायला हवं होतं, असं त्यांना शेवटी वाटायला लागलं असावं. ते गेल्यावर अण्णा काकीला म्हणाले, "फणस कापू नगो. दोन दिसात फोन येतोय बघ. काम आसल्याबिगर कोण येतंय व्हय?" फोन आला नाही. फणस गॅलरीत पिकला, फुटला, माश्या आल्या आणि मग काकीने तो खाली टाकायला लावला. अण्णांना आपण चुकलो असं वाटलं नाही. "घाबरलं गडी," ते म्हणाले. "मागायचं धाडस झालं न्हाय."

अण्णा निवृत्त झाले तोवर मला नोकरी लागली होती. कंपनी लांबची, पण काम घरून. लोकांच्या तक्रारी येतात, मी त्यांना इंग्रजीत उत्तरं लिहिते. अण्णा पाहुण्यांना सांगायचे, "कायतर टायपिंग करत्या." मी गावी आईजवळ राहायला गेले आणि माझ्या दुर्दैवाने त्याच पावसाळ्यात अण्णांनाही गावची ओढ लागली. निवृत्त माणसाने शेती बघावी असं त्यांच्या मनाने घेतलं. काकी फ्लॅटवरच राहिली. घराच्या पुढच्या सोप्यात त्यांची आरामखुर्ची आली. घंटा परत सुरू झाली.

आमच्याकडे भाताची लावण पैऱ्यानं होते. आज गल्लीतल्या सगळ्या बाया एकीच्या शेतात, उद्या सगळ्या दुसरीच्या. जिची लावण तिच्या घरचं दुपारचं जेवण. पैशाचा संबंध नाही. आणि ह्याला कुणी काम म्हणत नाही. 'कामाला जातो' म्हणजे मजुरीला जातो. त्यात लाज काही नाही, पण ते वेगळं. पैऱ्याला निघालेली बाई 'लावणीला जातो' म्हणते. आमच्याकडे बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात.

आईचं जगात जे काही होतं ते त्या बायांत होतं. इतकी वर्षं नवरा सीमेवर, मुलगी टिळकवाडीत. तिला ताप आला तर पार्वतीआक्का येऊन पेज करून द्यायची, कौलं उडाली तर भैरूमामा चढायचे. पैऱ्यात असणं म्हणजे ह्या सगळ्यात असणं. पैऱ्यातून सुटलेलं घर गावात असतं, पण गावाचं राहत नाही.

त्या आषाढात पैऱ्याची सुरुवात पार्वतीआक्काच्या वरच्या शेतापासून झाली होती. आई दोन दिवस तिथे जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आपल्या जुन्या साहेबांना घेऊन शेत दाखवायला आले. मी छत्री धरून मागे चालत होते. वाट पार्वतीआक्काच्या बांधावरून जाते. बाया ओळीने वाकलेल्या होत्या, पोटरीपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. साहेब म्हणाले, "अरे वा. ह्या कोण?"

आई ओळीत बांधाच्या अगदी जवळ होती. तिने मान वर करून पाहिलं.

"कामाच्या बाया हाईत," अण्णा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

 आई परत वाकली.

संध्याकाळी ती पाय धुऊन घरात आली तेव्हा अण्णा खुर्चीत होते. आई त्यांच्यासमोर पदर घ्यायची, थेट बोलायची नाही. म्हणून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "एक काम कर. आईला सांग, उद्यापास्नं लोकांच्या कामाला जायाचं न्हाय. मी रिटायर हून घरात बसलोय आणि घरची बाई लोकांच्या चिखलात. साहेबांम्होरं मान खाली गेली माझी." मी काय सांगणार, आई तिथेच उभी होती. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आमच्या लावणीला बाया यायच्या हाईत."

"हजेरी देऊया की. कुणाचं कुणावर उपकार नगोत."

आणि ते खरंच उठले, पायात बूट घातले आणि पार्वतीआक्काच्या दारात गेले. मी मागे गेले, कारण टॉर्च मी धरायची होती. अण्णांनी तिला उंबऱ्यातच सांगितलं की आमच्या घरची बाई येणार नाही, तिच्या बदली गडी लावा, त्याचे पैसे हे घ्या. आणि आमच्या शेतात तुम्ही याल तेव्हा प्रत्येकीला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळेल. रोख. त्याच दिवशी.

पार्वतीआक्का ठेंगणी, तोंडाची फटकळ बाई. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. मी वाट बघत होते की आता हा माणूस ऐकणार. तिने नोटांकडे पाहिलं, त्यांना हात लावला नाही. अण्णांकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "तुमी म्हणशिला तसं."

परत येताना अण्णा खुशीत होते. "बघितलंस? रोख म्हटलं की गप्प."

आमच्या लावणीच्या दिवशी आई पहाटेच उठली. तांदळाच्या भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, भात, लोणचं. डालग्यात भरून मी शेतावर नेलं. बाया आल्या होत्या. सगळ्या आल्या होत्या. मला क्षणभर वाटलं, निभावलं.

मग आईने साडी वर खोचली आणि ओळीत उतरायला गेली. पार्वतीआक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवो मालकीणबाई, तुमी कशाला चिखलात? बांधावर बसा की. आमी हाव न्हवं कामाला."

"आक्का, आसं काय बोलतीस गं," आई म्हणाली.

"मग मालकिणीला काय म्हनायचं?"

बाकीच्या बाया वाकलेल्याच होत्या. आई तरी उतरली. ओळ तिच्यापासून सरकली. कुणी मुद्दाम सरकल्यासारखं दिसलं नाही, पण थोड्या वेळाने आईच्या दोन्ही बाजूंना मोकळं पाणी होतं.

दरवर्षी लावणीला हा बांध गजबजलेला असतो. सुनांच्या चहाड्या, सासवांच्या नकला, कुणाच्या तरी नवऱ्याची खिल्ली. त्या दिवशी नुसता चिखलातून हात निघाल्याचा आवाज येत होता. अण्णा छत्री घेऊन बांधावर उभे होते. "कसं शिस्तीत काम चाललंय बघ," ते मला म्हणाले. "पैसा दिला की काम कसं हुतंय."

दुपारी मी डालगं उघडलं. बाया वर आल्या, हातपाय धुतले आणि पलीकडच्या बांधावर जाऊन बसल्या. प्रत्येकीने आपापलं फडकं सोडलं. आपली भाकरी, आपली चटणी. आई ताटं मांडून बसली होती. ती एकदा उठून आमटीचं भांडं घेऊन त्यांच्याकडे गेली. पार्वतीआक्का म्हणाली, "नगो मालकीणबाई. हजेरीत जेवण न्हाय." आई भांडं घेऊन परत आली. ती रडली नाही. आमटीवर साय धरते तसा पातळ थर आला होता, तो ती पळीने बाजूला करत बसली. जेवले ते फक्त अण्णा. "वाटाणा चांगला शिजलाय," म्हणाले.

दिवस कलला तेव्हा खालच्या कोपऱ्यातला एक तुकडा राहिला होता. रोपं उपटून ठेवलेली, मुठी बांधलेल्या, हातासरशी होण्यासारखा. पैऱ्यात अशा वेळी कुणी विचारतही नाही, अंधार पडला तरी उरकूनच बाहेर पडतात. पार्वतीआक्काने पाठ सरळ केली आणि हात झटकले. सगळ्या बाहेर आल्या.

"अगं, एवढं तुकडं ऱ्हायलंय," अण्णा म्हणाले. "एक काम करा, तेवढं उरकूनच जावा."

"कामाची एळ झाली, अण्णा," पार्वतीआक्का म्हणाली.

तिने हात पुढे केला. प्रत्येकीने केला. अण्णांनी पैसे दिले. कुणीही ते मोजले नाहीत. सगळ्या रांगेने निघून गेल्या, आईकडे न बघता. आई त्या तुकड्यात उतरली. अण्णा बांधावरून तिला म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, उद्या दुसऱ्या बाया आणतो." ती वाकलेलीच राहिली. मी चप्पल काढून उतरले. मला लावता येत नाही, मी फक्त मुठी पुढे करत होते.

दुसऱ्या दिवशी पार्वतीआक्काच्या खालच्या शेतात लावण होती. आई नेहमीच्या वेळी उठली. साडी खोचली, खोळ घेतली. अण्णा सोप्यात चहा पीत होते, मी भिंतीला टेकून लॅपटॉपवर तक्रारी वाचत होते.

"कुठं?" अण्णा म्हणाले.

"पार्वतीआक्काच्या लावणीला."

"तिकडं तुझं काय काम हाय?"

आईने पदर पुढे ओढला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याकडे तोंड करून बोलली. "काम काय न्हाय," ती म्हणाली. "जातो."

आणि गेली. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. मग माझ्याकडे वळले. "एक काम कर. हाक मार तिला."

माझी पाठ ताठ झाली. गुडघे मात्र उठले नाहीत. मी कळांवर बोटं चालवत राहिले. काय टाइप केलं ते मला आठवत नाही. कुणातरी अनोळखी माणसाला त्या दिवशी फार विचित्र उत्तर गेलं असणार. "ऐकाय येतंय न्हवं?" अण्णा म्हणाले. "एक काम कर म्हटलं." घरात तिसरं कुणी नव्हतं. ते वाक्य सोप्यात तसंच पडून राहिलं.

थोड्या वेळाने मी, आई तंबाखूची मिशरी विसरलीय अशी स्वतःचीच समजूत घालून डबी घेऊन निघाले. बांधाआड थांबले. आई ओळीच्या शेवटी, सगळ्यांपासून चार हात लांब, एकटी लावत होती.  आता आई अशीच परत येणार, मला वाटलं. ओळ मागे मागे सरत शेताच्या मध्यापर्यंत आली. तेव्हा पार्वतीआक्काने मागे न बघता रोपांची एक मूठ उचलली आणि आईच्या पुढ्यात फेकली. चिखल आईच्या तोंडावर उडाला.

"मालकीणबाई, येवढ्या लांब का उभारलायसा?" ती ओरडली. "हिकडं सरा की. का आमी चावतोय?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळ्याच. आई तोंडावरचा चिखल मनगटाने पुसत सरकली. तिचं ते नाव पुढं वर्षभर टिकलं. पाण्याच्या टाकीपाशी, बसमध्ये, लग्नात, "मालकीणबाई, सरा की." आईला आवडायचं, असं मला वाटतं. ती कधी म्हणाली नाही.

अण्णा आठवडाभरात टिळकवाडीला परत गेले. शेतीत राम नाही, असं कारण सांगितलं.

मी त्यांना गावात शेवटचं पाहिलं ते सुगीत. मला आईला सोडून जायचं नव्हतं, म्हणून मी तिथेच राहिले होते. आमच्या भाताची कापणी चालली होती, पैऱ्याच्याच बाया, खालच्या कोपऱ्यातलं भात जरा वाकडंतिकडं आलेलं. चहाची किटली घेऊन मी बांधावर होते. रस्त्यावर बस थांबली आणि अण्णा उतरले. हातात छत्रीशिवाय काही नाही, बुशशर्ट, दोन पेनं. थकलेले दिसत होते. बांधावर येऊन उभे राहिले, छत्री टेकून. बाया कापत होत्या.

"एक काम कर गं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. ओळीत एकीनेही मान वर केली नाही. त्या सगळ्यांना वाटलं असेल, दुसरीला म्हणाले.

शेवटी पार्वतीआक्का विळा हातात घेऊन सरळ झाली. कपाळावर आडवा हात धरून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"काय अण्णा, काय काम काढलासा?"

अण्णांनी शेताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडेही.

"काय न्हाय," ते म्हणाले. "सहज आलतो."

"सहज?" पार्वतीआक्का म्हणाली. आणि वाट बघत उभी राहिली.

किटली माझ्या हातात होती. पेलेही होते. अण्णा छत्रीच्या मुठीवर बोटं वाजवत उभे होते आणि तेवढ्या वेळात मला एकदाही वाटलं नाही की त्यांना चहा द्यावा. मग बस वळून परत निघाल्याचा आवाज आला. त्यांनी हात वर केला आणि बांधावरून, चिखल सुकून झालेल्या खड्ड्यांतून, बसच्या दिशेने घाईघाईने चालू लागले. जणू तिकडे त्यांचं काही महत्त्वाचं काम होतं.